कोटिंग केलं, तरी जाळी आणि पांढरे डाग परत येतातच?

तक्रारीचा साचा ठरलेला असतो. गाडी धुतली, पॉलिश केली, कुणीतरी सुचवलं म्हणून वरून कोटिंगही मारलं. महिनाभर गाडी आरशासारखी. मग एखाद्या दुपारी ऊन तिरपं पडतं आणि बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात, टपावर पांढरट टिकल्या उमटलेल्या असतात, पुढच्या बंपरला दोन नवे टवके. माणूस वैतागतो आणि 'याहून भारी' कोटिंग शोधायला लागतो. सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

माझ्या गाडीचं हे दोनदा झालंय. गाडी काळी आहे, म्हणजे अर्धी चूक गाडी घेतानाच झाली होती. पहिल्यांदा सिरॅमिक कोटिंग करून घेतलं तेव्हा करून देणारा छातीठोकपणे म्हणाला होता, "आता ओरखडे विसरा, साहेब." तिसऱ्या महिन्यात रात्री मोबाईलची बॅटरी बॉनेटवर धरली, तर उजेडाच्या ठिपक्याभोवती जाळंच जाळं. तावातावाने भांडायला गेलो. त्याने एवढंच विचारलं, "पुसता कशाने?" मी डिकीतून फडकं काढून दिलं. चांगलं जाड, मऊ मायक्रोफायबर. त्याने ते चिमटीत धरून माझ्या कानाजवळ आणलं आणि चोळलं. कर्र असा बारीक आवाज आला. फडक्यात रेती होती, आणि त्याच फडक्याने मी रोज सकाळी 'हलक्या हाताने' धूळ टिपत होतो.

चूक माझी होतीच. पण ओरखडे विसरायला त्यानेच सांगितलं होतं, हेही खरं.

तर आपण निवड करतो ती नावावरून: वॅक्स म्हणजे मेण, सिलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमरचा थर, सिरॅमिक म्हणजे काचेसारखा पातळ कडक थर, पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म. गाडीला नेमकं काय होतंय हे बघायचं राहूनच जातं. आणि यात नुसते पैसे जात असते तर एकवेळ चाललं असतं. प्रत्येक नव्या कोटिंगआधी गाडी मशीनने पॉलिश करतात, आणि पॉलिश करणं म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर थोडाथोडा घासून काढणं. चुकीचं संरक्षण दर वर्षी नव्याने घेणारा माणूस ज्या थराला जपायला निघालाय, तोच थर झिजवत असतो.

तो थर आहे तरी किती

पत्र्यावर सगळ्यात आधी गंजरोधक थर बसतो. त्यासाठी आख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या मदतीने तो चढवतात. त्यावर बहुतेक गाड्यांत आणखी एक प्रायमर, मग रंगाचा बेस कोट, आणि सर्वांत वर बिनरंगी क्लिअर कोट. ही सगळी चवड कारखान्यातून निघताना साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनच्या घरात. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो. म्हणजे चकाकी, खोली, उन्हापासून बचाव, सगळं काही केसाहून पातळ थरावर अवलंबून. उन्हातले अतिनील किरण शोषणारी रसायनंही याच थरात असतात.

पॉलिशच्या हलक्या फेरीत एखादा मायक्रॉन जातो, जाड कंपाउंड लावून रगडलं तर कितीतरी जास्त. आयुष्यात दोन-तीनदा हे परवडतं. दर सहा महिन्यांनी नाही.

म्हणून कुणाकडेही गाडी देताना रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का, हे आधी विचारावं. लोखंडी पत्रा आणि अॅल्युमिनियम दोन्हींवर चालणारी छोटी यंत्रं मिळतात. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र ती मुकी असतात. आकडा एकूण चवडीचा येतो, एकट्या क्लिअर कोटचा नाही. तरी एखादा दरवाजा १२० आणि शेजारचा २८० दाखवत असेल, तर दुसरा कधीतरी रंगवलेला आहे एवढं नक्की. हा आकडा पुढे पीपीएफच्या वेळी फार कामाला येतो.

आधी तपासणी, सावलीत आणि बॅटरी घेऊन

गाडी धुवा, पूर्ण कोरडी करा, पत्रा हाताला गार लागू दे. मग तीन गोष्टी. मोबाईलची बॅटरी वीतभर अंतरावर तिरपी धरून प्रत्येक पत्रा बघा. जिथे ओरखडा दिसेल तिथे नख आडवं फिरवा: नख अडकलं तर चरा खोल आहे, पॉलिशने तो जायचा नाही. नंतर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं पत्र्यावरून अलगद फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून बारीक मीठ भुरभुरल्यासारखा खरखरीत लागतो, तेव्हा पहिल्यांदा करणारा माणूस दचकतोच.

काय दिसलं, कुठे दिसलं, हे लिहून ठेवा. 'कुठे' जास्त महत्त्वाचं. टिकल्या फक्त आडव्या पत्र्यांवर, टवके फक्त पुढे, रेघा सगळीकडे, अशी विभागणी दिसली की निम्मं निदान झालं.

गोल जाळी

रेघा खरं तर गोल नसतात. त्या सगळ्या दिशांनी पडलेल्या असतात. उजेडाच्या ठिपक्याभोवती ज्या आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून जाळं दिसतं. कारण एकच: रेतीचा कण रंगावर दाबून ओढला गेला. कोरड्या फडक्याने धूळ पुसणं हे पहिलं, स्वयंचलित धुलाईतले फिरते ब्रश हे दुसरं, आणि एकाच बादलीत पुन्हा पुन्हा पिळलेला स्पंज हे तिसरं.

इथे 'नऊ एच'बद्दल बोलायलाच हवं, कारण बहुतेक सिरॅमिक कोटिंग या एका आकड्यावर विकलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, हिऱ्याचा कठीणपणा १०, म्हणजे हे ९, जवळजवळ हिराच. ते माप वेगळं. हे पेन्सिलीचं माप आहे. चित्रकलेच्या पेन्सिलीत बी मऊ आणि एच कडक, तीच पट्टी. ठरावीक वजनाने, ४५ अंशात पेन्सिल थरावर ढकलतात. ९एच पेन्सिलीने चरा पडला नाही, तर थर ९एच. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. हिरा ज्या मोह्‌स मापावर १० आहे, त्यावर ग्राफाइट २ च्याही खाली आणि रेतीतला क्वार्ट्झ ७. तुमच्या फडक्यात असते ती रेती. पेन्सिलीने गाडी कुणी पुसत नाही.

शिवाय हा थर जाडीला एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहून कमी. मऊ गादीवर काचेचा पापुद्रा पसरावा तसा प्रकार. कोटिंगने धूळ कमी चिकटते आणि पाण्याच्या झोताने सहज निघते, त्यामुळे घासावं कमी लागतं. ओरखडे कमी होतात ते या मार्गाने. घासायची सवय तीच ठेवली तर कोटिंग काही करू शकत नाही.

म्हणजे जाळी हे तुमचं मुख्य दुखणं असेल, तर औषध धुण्यात आहे. आधी नुसत्या पाण्याने सुटी माती वाहून जाऊ द्या. शक्य असेल तर फेस मारून पाच मिनिटं थांबा, पण फेस वाळू देऊ नका. दोन बादल्या घ्या, एक शॅम्पूची, एक निव्वळ पाण्याची. हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच शॅम्पूत बुडवायचा. टपापासून खाली या, सरळ रेषेत, दाब न देता. दरवाजांचा खालचा हातभर भाग आणि चाकं यांना वेगळा हातमोजा वापरा, कारण सगळी रेती तिथे असते. पुसताना जाड टॉवेल पसरून पाणी शोषू द्यायचं, रगडायचं नाही. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. मायक्रोफायबर इतर कपड्यांत धुऊ नका आणि कपडे मऊ करणारं द्रव त्यात घालू नका, त्याने तंतू बुजतात आणि फडकं पाणी शोषेनासं होतं.

आणि धूळ कोरडी झटकायची सवय सोडा. पूर्ण सोडा. धुळीने भरलेली गाडी दोन दिवस तशीच फिरली तर लोक काय म्हणतील ते म्हणोत, क्लिअर कोट काही म्हणत नाही.

हे महिनाभर जमलं, मगच एकदा पॉलिश करून जाळी काढा आणि वर कोटिंग चढवा. उलट क्रमाने केलं की माझ्यासारखं होतं.

पांढऱ्या टिकल्या

या तक्रारीत कोटिंग स्वतःच थोडं गुन्हेगार असतं, आणि हे विकणारा सांगत नाही.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार राहतात. उघड्या रंगावर पाणी पसरून पातळ होतं, त्यामुळे क्षारही पातळ पसरतात. कोटिंग केलेल्या रंगावर पाणी मोत्यासारखे थेंब धरतं. उभ्या दरवाजावरून ते थेंब घरंगळून जातात, पण टप, बॉनेट, डिकीचं झाकण हे आडवे; तिथले थेंब जागच्या जागी बसून वाळतात आणि आपले सगळे क्षार एका गोल कड्यात सोडतात. म्हणून टिकल्या फक्त वरच्या पत्र्यांवर दिसतात. जाहिरातीतले ते टपोरे थेंब बघायला छान असतात. उन्हात वाळायला बसले की तेच महागात पडतात. थेंब भिंगासारखा ऊन एकवटून रंग जाळतो असं सांगतात, ते सोडून द्या. काम क्षार आणि उष्णता मिळून करतात.

टिकली कुठल्या टप्प्यात आहे ते असं ओळखा. सावलीत, गार पत्र्यावर, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग मिसळून फडक्याने टिकलीवर ठेवा. अर्धा-एक मिनिट. वाळू न देता भरपूर पाण्याने धुवा आणि पुसून बॅटरी धरा. टिकली गेली, तर वरवरचे क्षार होते. अर्धवट गेली, तर तेच एकदा पुन्हा, किंवा या कामासाठी मिळणारं सौम्य आम्लधर्मी द्रव वापरा. क्षार निघाले पण गोल कडा अजून दिसते, खळगा पडल्यासारखी, तर रंग किंवा कोटिंग तिथे खाल्लं गेलंय. ते घासूनच निघेल, आणि घासताना त्या जागचं कोटिंगही जाईल.

गाडी उघड्यावर उभी राहते, बागेच्या फवाऱ्याचं पाणी तिच्यावर उडतं आणि धुऊन लगेच कोरडी करायला तुम्हाला वेळ नसतो, अशी परिस्थिती असेल तर माझं मत स्पष्ट आहे: वर्षानुवर्षं टिकणाऱ्या सिरॅमिकच्या मागे लागू नका. चार-सहा महिने टिकणारं सिलंट घ्या. टिकल्या त्या थरात बसतात, थर जुना झाला की त्याच्याबरोबर निघतात, आणि नवा थर हाताने अर्ध्या तासात लागतो. पाच वर्षांच्या कोटिंगवर दुसऱ्याच महिन्यात खळगे पडले की पुढची जवळजवळ पाच वर्षं नुसतं बघत बसावं लागतं.

सिरॅमिकच हवं असेल तर थेंब किती गोल होतात यापेक्षा पाणी किती लवकर सरकतं ते विचारा. पत्रा थोडा कलला की पाण्याची चादर घसरून जावी, असं कोटिंग इथे बरं.

टवके

इथे फार बोलण्यासारखं नाही. पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेल्या खड्यासमोर दोन मायक्रॉनचा थर म्हणजे काहीच नाही. त्याला जाडी लागते, आणि जाडी फक्त पीपीएफमध्ये आहे: पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, साधारण १५० ते २०० मायक्रॉन. गाडीच्या सगळ्या रंगाच्या चवडीपेक्षा जास्त. टवके हे दुखणं असलेल्या माणसाला सिरॅमिक विकणारा एक तर अडाणी आहे किंवा फार हुशार.

पण सगळी गाडी गुंडाळायची गरज नसते. टवके कुठे पडतात ते तुम्ही लिहून ठेवलंय: पुढचा बंपर, बॉनेटचा पुढचा भाग, आरशांची पाठ, मागच्या चाकांच्या पुढचा फुगीर भाग, दरवाजांच्या कडा. तेवढ्यावर फिल्म आणि बाकी गाडीवर कोटिंग, ही जोडी बहुतेकांना पुरते. फिल्मवरही सिरॅमिक लावता येतं; त्याने ती धुवायला सोपी जाते.

आधीचे टवके फिल्मखाली लपत नाहीत, उलट भिंगाखाली धरल्यासारखे दिसतात. पत्रा उघडा पडला असेल तर आधी टच-अप करून गंज थांबवा.

पक्ष्यांची शीट, किडे, झाडाचा चीक

यात सगळा खेळ वेळेचा. शिटेत युरिक आम्ल असतं, आणि काळा पत्रा उन्हात ७० अंशांच्या पुढे तापू शकतो. तापला की क्लिअर कोट मऊ पडतो, संध्याकाळी गार होताना शिटेच्या आकाराला धरून आक्रसतो, आणि धुतल्यावरही तिथे सुरकुतल्यासारखा ठसा राहतो. वॅक्स किंवा सिरॅमिक हा हल्ला थांबवत नाही, लांबवतं. सकाळी पडलेली शीट दुपारी काढलीत तर कोटिंग असलेली गाडी बहुधा बचावते. आठवडाभर ठेवलीत तर कुठलंच बचावत नाही.

काढताना ओला कागदी रुमाल त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा आणि मग उचला. घासू नका, शिटेत बियांचे आणि रेतीचे कण असतात. ठसा अगदी ताजा असेल तर कोमट पाण्याने किंवा उन्हाने कधी कधी बराच फिका पडतो.

खरखरीत कण, केशरी ठिपके

पिशवीची चाचणी खरखरीत आली, किंवा फिक्या गाडीवर केशरी बारीक ठिपके दिसले, तर ते बहुधा ब्रेकमधून किंवा रुळांवरून उडालेले लोखंडाचे कण. रंगात रुतून गंजतात. लोखंड विरघळवणारा फवारा मारला की ते जांभळे होऊन ओघळतात (वास मात्र नाक धरायला लावतो). मग राहिलेल्यांना क्ले, म्हणजे कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, भरपूर निसरड्या पाण्यासह. हे न करता वरून कोणतंही कोटिंग मारलं तर कण आतच कोंडले जातात, आणि मग 'कोटिंगनंतर गंज आला' अशी तक्रार होते.

पोपडे आणि खडूसारखा पांढरा चट्टा

टपाच्या किंवा बॉनेटच्या कडेला क्लिअर कोट सालीसारखा सुटतोय, नखाने उचलतोय, तर संरक्षणाचा विषय तिथे संपला. वॅक्स लावल्यावर ओलं असल्यासारखं चांगलं दिसेल, आठवड्याने परत तसंच. तेवढा पत्रा रंगवून घ्या.

रंगवल्यावर घाई नको. कारखान्यातला रंग साधारण १४० अंशांना भाजलेला असतो, म्हणून नव्या गाडीला थांबायची गरज नसते. गॅरेजमधला रंग ६० च्या आसपास भाजतात, कधी तेवढाही नाही. त्यातलं द्रावक पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतं. एक ते तीन महिने वॅक्स, कोटिंग, फिल्म काहीही चढवू नका. नेमका काळ कोणता रंग वापरला त्यावर, तो रंगवणाऱ्याला विचारा.

पाणी आता घरंगळत नाही, म्हणजे कोटिंग गेलं?

दर वेळी नाही. बऱ्याचदा ते फक्त बुजलेलं असतं. रस्त्यावरचा तेलकट थर, क्षार, आणि चकाकी देणाऱ्या शॅम्पूचा उरलेला मेणचट पापुद्रा कोटिंगवर बसतो आणि पाण्याला तोच भेटतो. आधी वॅक्स नसलेल्या साध्या शॅम्पूने धुवा. मग लोखंडाचा फवारा. मग सौम्य आम्लधर्मी शॅम्पू. प्रत्येकानंतर मग्गाभर पाणी ओतून बघा. थेंब परत आले, तर कोटिंग जिवंत आहे. वरून त्याच कंपनीचा देखभालीचा फवारा मारा आणि विषय संपवा.

तीन्ही करूनही दरवाजावर थेंब आणि टपावर सपाट ओल, तर टपावरचं खरंच गेलंय. सगळ्यात जास्त ऊन तिथेच लागतं. तेवढेच पत्रे परत करून घ्यावेत; आख्खी गाडी पुन्हा पॉलिश करायला कुणी सुचवलं तर नाही म्हणा.

घरी कोटिंग लावलेल्यांची वेगळीच तक्रार असते: वाळल्यावर गडद किंवा इंद्रधनुषी पट्टे. जास्त लागलेलं कोटिंग वेळेत पुसलं गेलं नाही, एवढंच. पहिल्या तासा-दोन तासांत त्याच जागी पुन्हा थोडं कोटिंग लावून लगेच पुसलं तर निघतं. दुसऱ्या दिवशी फक्त पॉलिश. म्हणून हातभर चौकोन घ्यायचा, तो पूर्ण करायचा, बॅटरी धरायची आणि मगच पुढे. कोटिंगआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून पॉलिशचं तेल काढलं नसेल तर ते धरतच नाही, हे दुसरं नेहमीचं कारण. लावल्यावर पहिला दिवस पाणी नको, आणि आठवडाभर शॅम्पू नको.

आता निवड

वॅक्स: चांगलं म्हणजे कार्नोबा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ८२ ते ८६ अंशांना वितळतं, आणि तापलेला काळा पत्रा त्याच्या बराच जवळ पोचतो हे वर आलंच आहे. काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. ज्याला रविवारी गाडीशी खेळायला आवडतं त्याच्यासाठी. सिलंट: मेणाऐवजी कृत्रिम पॉलिमर, दिसायला किंचित काचेरी, टिकायला जास्त. सिरॅमिक: दोन ते पाच वर्षं, पण नीट धुणाऱ्याच्याच गाडीवर.

टेफ्लॉन कोटिंग म्हणून जे विकतात त्याबद्दल एवढंच. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, १९३८ मध्ये सापडलेलं, ३२७ अंशांना वितळणारं. तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. गाडीचा रंग तेवढा तापवला तर रंगच उरणार नाही. म्हणजे त्या बाटलीत काम करतं ते दुसरंच काहीतरी, बहुधा साधं सिलंट. सिलंट म्हणून घ्यायला हरकत नाही. ग्राफीन नावाने विकतात त्या कोटिंगचंही तसंच: सिरॅमिक समजून तपासा, नावाचा आकार वजा करून.

पीपीएफ घेताना मात्र डोळे उघडे ठेवा, कारण तिथल्या चुका काढायला कठीण. फिल्म पिवळी पडते ती बहुतेक वेळा पीव्हीसीची असते म्हणून, किंवा पॉलियुरेथेन हलक्या जातीचं असतं म्हणून. कात्रण मागून घ्या आणि ताणून सोडा: चांगलं पॉलियुरेथेन रबरासारखं परत येतं, पीव्हीसी ताणलेलंच राहतं. वॉरंटीत पिवळेपणाचा शब्दशः उल्लेख आहे का ते वाचा. 'स्वतः बरी होणारी' म्हणतात ते खरं, पण फक्त वरच्या थरातल्या बारीक रेघांपुरतं, आणि ऊब मिळाली तरच. किल्लीने ओढलेली रेघ बरी होत नाही.

फिल्म गाडीवरच ब्लेडने कापणार की संगणकावर कापून आणणार, हे विचारा. गाडीवर कापणारा हात एकदा जरी जड पडला तर क्लिअर कोटवर आयुष्यभराची रेघ. लावल्यानंतर दिसणारे पाण्याचे फुगे आणि धुरकटपणा काही आठवड्यांत आपोआप जातात. आत अडकलेला कण जात नाही; तो पहिल्याच दिवशी दाखवा. कडा उचलतात त्या बहुधा पाण्याच्या झोताने: नळी हातभर लांब धरा आणि कडेच्या आत तिरपा झोत कधीच नको. आणि तो जाडीचा आकडा आठवा. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावरची फिल्म काढताना रंग तिच्याबरोबर निघून येऊ शकतो. २८० दाखवणाऱ्या दरवाजावर फिल्म लावण्यापूर्वी लावणाऱ्याला ते सांगा आणि काढायची जबाबदारी कुणाची हे लिहून घ्या.

मॅट रंगाची गाडी असेल तर वरचं पॉलिश आणि वॅक्सचं सगळं विसरा. घासलं की ती जागा चकाकायला लागते आणि तो डाग परत मॅट होत नाही. तिच्यासाठी खास मॅटचं कोटिंग किंवा मॅट फिल्म.

माझ्या गाडीवर आता बंपर, अर्धं बॉनेट आणि आरसे यांवर फिल्म आहे, बाकी जुनंच सिरॅमिक, टप तेवढा नव्याने केलेला. डिकीत फडकं नाही. गेल्या आठवड्यात सवयीने बॅटरी घेऊन फिरलो. बॉनेट स्वच्छ निघालं. ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीमागे, पत्र्याच्या वाटीसारख्या खळग्यात, मात्र चंद्रकोरीसारखे वीस-पंचवीस चरे होते, सगळे माझ्याच नखांचे. तिथे तळहाताएवढा तुकडा लावायचा राहून गेला होता.